टायर बघणारा मर्ल

मर्ल टॉलेफसन कोणालाही भेटला की आधी त्याच्या टायरकडे बघतो, मग त्याच्याकडे. मला पहिल्यांदा भेटला तेव्हा मी ट्रेलर जागेवर लावून नुकती पिकअपमधून उतरले होते. केस विस्कटलेले, एक हात कमरेवर, तोंडात प्रवासाची धूळ. हा समोरून आला, माझ्या डावीकडच्या मागच्या चाकापाशी उकिडवा बसला आणि चाकालाच म्हणाला, "हवा कमी आहे."

मी म्हटलं, "जरा मलाही राम राम करा की."

तेव्हा कुठे त्याने टोपीला हात लावला.

आमचा तळ ॲरिझोनाच्या वाळवंटात. उत्तरेकडचे आम्ही म्हातारे-म्हाताऱ्या थंडी पडली की पिकअपमागे आपापलं चाकांवरचं घर जोडून खाली येतो आणि ऊन तापायला लागलं की परत वर जातो. बहुतेक एकेकटे. कोणाचा नवरा गेला, कोणाची बायको, कोणाचं कधी जमलंच नाही. दुपार कलली की प्रत्येक जण आपली खुर्ची आणि आपला पेला घेऊन एका जागी येऊन बसतो, आणि आडनाव काय, आधी काय करायचात, असलं कोणी कोणाला विचारत नाही. मर्लबद्दल तरी एवढंच ठाऊक होतं की तो डकोटाचा, धान्याच्या कोठारावर नोकरी केलेला, आणि बायको कधी नव्हतीच.

टायर हाच त्याचा देवधर्म. हवा मोजायची ती उन्हं यायच्या आत, असा त्याचा नियम. पूर्वेकडून ऊन पडलं की त्या बाजूचे टायर तापून फुगतात आणि मीटर खोटं बोलायला लागतं. म्हणून हा झुंजुमुंजु व्हायच्या सुमाराला खिशात मीटर आणि हातात लाकडी हातोडी घेऊन तळभर फिरणार, आणि मला जाग येणार ती माझ्याच घराच्या चाकांवर पडणाऱ्या ठोक्यांनी. मी खिडकीतून ओरडायची, "मर्ल, म्हाताऱ्या, माणसं झोपलीत!" तो खालून म्हणायचा, "झोप. मी तुला नाही बघत."

माझं म्हणणं सुरुवातीला असं होतं की टायरमधलं मला कोणी शिकवू नये. जन्मभर शाळेची बस चालवली मी, बर्फातून आणि चिखलातून. पण मर्लचं म्हणणं, बसचा टायर चालून झिजतो, ट्रेलरचा उभा राहून मरतो. "सहा-सहा महिने एका जागी, घराचं सगळं ओझं एकाच ठिकाणी, वरून हे ऊन. नक्षी कोरी करकरीत दिसते. आतून सगळं सुकलेलं असतं. नक्षी बघू नकोस, लॉर्ना. वय बघ."

वय बघायचं कसं, तर टायरच्या गालावर, म्हणजे बाजूच्या भिंतीवर, चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. गंमत अशी की हे आकडे पुरते कोरलेले असतात ते एकाच गालावर. दुकानदाराने तो गाल आतल्या बाजूला टाकून चाक बसवलं, की वय वाचायला ट्रेलरखाली पाठीवर सरपटत जावं लागतं. सरपटायचं वय आमच्यात कोणाचंच राहिलेलं नाही. मर्लचंही नाही, पण तो जायचा. खालून दोन बूट तेवढे बाहेर दिसायचे आणि बूटच आकडे सांगायचे.

बड ऑस्ट्रँडरने एकदा त्याचं ऐकलं नाही. परत जाताना भर महामार्गावर त्याचा टायर फुटला आणि जाताना न्हाणीघराची निम्मी जमीन घेऊन गेला. तेव्हापासून बड मर्लला गुरू मानतो. चेष्टा मात्र सोडत नाही. दर वसंतात, निघायच्या तोंडावर, मर्ल एक तरी टायरचा संच नापास करायचाच. गावातल्या रूबेनच्या दुकानातून नवे मागवायचे, ते यायला आठवडा लागायचा, आणि तेवढे दिवस तो माणूस मागे राहायचा. बड त्याला 'मर्लचा बकरा' म्हणायचा. "काय मर्ल, यंदा बकरा ठरला का?" असं तो फेब्रुवारीपासूनच सुरू करायचा.

निरोपाची आमची एक रीत आहे. कोणी निघालं की उरलेले सगळे कच्च्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उभे राहून ताटल्या, पातेली बडवतात. सगळ्यात आधी निघणाऱ्याच्या नशिबी सगळा तळ असतो, कान किटतात. मग रोज एकेक पातेलं कमी होत जातं. शेवटी बकरा निघतो तेव्हा एकटा मर्ल काय तो तवा वाजवत उभा. मर्ल निघताना कोण वाजवतं, हा प्रश्न इतक्या वर्षांत आमच्यातल्या एकालाही पडला नाही. आम्ही आपापल्या मुलांकडे, नातवंडांकडे धावत असायचो.

मर्ल म्हणायचा की तो मिनेसोटात बहिणीकडे जातो. आर्लिस तिचं नाव. तळ्याकाठी घर, मागे रासबेरीची झुडपं, संध्याकाळी डास, आणि तळ्यात एक भलीमोठी मासळी. ही मासळी तो दर हिवाळ्यात खुर्चीत बसून आम्हाला पकडून दाखवायचा. बड म्हणायचा, "मासळी तीच आहे रे, मर्ल. फक्त दर वर्षी वीतभर वाढते." मर्ल हसायचा. आम्ही ऑक्टोबरात येऊन पाहावं तर हा आमच्या आधीच हजर. आपल्या जागेवर, ऊन लागू नये म्हणून चाकांवर पांढरी झापडं घालून. मला वाटायचं, थंडीला भितो बिचारा.

यंदा मात्र मला घाई होती. माझ्या मुलाच्या, कर्टिसच्या बायकोला दिवस गेले होते आणि एप्रिल संपता संपता बाळ येणार होतं. आयडाहोत त्यांच्या अंगणात मी दर उन्हाळ्यात ट्रेलर लावते. हिवाळाभर मी तळावर हेच सांगत होते, की माझ्यावाचून त्यांचं पान हलत नाही, थोरल्या नातवाला कोण बघणार, शॉनाच्या हातात ऊन ऊन सूप कोण देणार. ऐकणाऱ्यांचे कान पिकले असतील. तशी मी बढाईखोर नाही, पण कोणाला तरी आपली गरज आहे हे मोठ्याने म्हणायला मिळालं की माणूस थांबत नाही.

आणि निघायच्या दोन दिवस आधी मर्ल माझ्या ट्रेलरखालून बाहेर आला, गुडघे झटकले आणि म्हणाला, "हे नाही पोचायचे."

"काय नाही पोचायचे?"

"टायर. चारही."

"डोकं ठिकाणावर आहे का तुझं? गेल्या सालाच्या आदल्या साली घेतलेत मी."

"घेतलेस तेव्हा. बनले कधी ते वेगळं. दुकानात मागे पडून राहिलेला माल गळ्यात मारला असेल. आकडा आत आहे, मी वाचला. जुने आहेत." तो माझ्याकडे न बघता चाकाकडे बघत होता, पण ते काही नवीन नव्हतं. "नेवाडाच्या उन्हात एक जरी गेला तर? मी रूबेनला सांगतो. आठवडाभर थांब."

बडने लांबूनच टाळी वाजवली. "ठरला रे ठरला! यंदाचा बकरा बाई आहे!"

काय करणार? मर्लने सांगितलं म्हणजे झालं. माझा खुबा असा की खाली वाकले तर उठवायला दोघे लागतात, सरपटणं तर सोडाच. मी दुकानदाराला सात पिढ्यांच्या शिव्या घातल्या आणि थांबले. एकेक जण गेला. बड गेला तेव्हा वाजवायला मी आणि मर्ल, एक पातेलं आणि एक तवा. धूळ खाली बसली, आणि तळ एवढा रिकामा झाला की माझ्याच दाराचा आवाज मला मोठा वाटायला लागला. त्या संध्याकाळी आम्ही दोघंच खुर्च्या घेऊन बसलो. मर्ल खुशीत होता, इतका की त्याने मासळीची गोष्ट पुन्हा सांगितली.

दोनेक दिवसांनी मी पाणी भरायला गावात गेले आणि जाता जाता रूबेनच्या दुकानात डोकावले. म्हटलं विचारावं, लवकर येतायत का.

"कुठले टायर, बाई?" रूबेन म्हणाला.

"माझे. मर्लने सांगितलेले."

"मर्ल इकडे आलेलाच नाही. फोनपण नाही." तो हात पुसत बाहेर आला. "तुमचे तर मागे मीच बघितले होते ना? चांगले होते की."

मी परत कशी आले मला माहीत नाही. आल्या आल्या फोन हातात घेतला, चाकाच्या मागे हात घातला आणि अंदाजाने चार-पाच फोटो काढले. एकात अंगठा, एकात धूळ, पण एकात आकडे स्वच्छ आले. टायर मी घेतले त्याच्या जेमतेम दोन महिने आधी बनलेले. कोवळी पोरं होती ती.

माझा राग असा आहे की तो आला की मला तहान लागत नाही, खुबा दुखत नाही. तशीच तरातरा मर्लच्या ट्रेलरकडे गेले. दार वाजवलं. तो नव्हता, कचरा टाकायला गेला असावा. समोर ती पांढरी झापडं. इतक्या वर्षांत मर्लचे टायर कोणी पाहिलेच नव्हते. वैद्याची नाडी कोण बघतो? मी म्हटलं, बघू तर खरं, लोका सांगे ब्रह्मज्ञान की काय ते. आणि एक झापड खस्सकन ओढलं.

गालावर चिरा होत्या. बारीक नव्हेत, नख शिरेल एवढ्या, भेगाळलेल्या टाचेसारख्या. आकडे बाहेरच्या बाजूलाच होते. त्या साली कर्टिसचं लग्नही झालं नव्हतं. असल्या टायरवर मर्लने आपल्या शत्रूलाही तळाबाहेर पडू दिलं नसतं.

पण मला धक्का बसला तो चिरांनी नाही. नवा टायर येतो तेव्हा त्याच्या अंगावर रबराचे बारीक बारीक केस असतात. हमरस्त्याला लागलं, शे-दोनशे मैल गेलं की ते झिजून जातात. मी बसवाली आहे, मला कोणी सांगायला नको. मर्लच्या टायरवर ते केस तसेच होते. खाचांत, कडेला, अगदी मधोमधसुद्धा. मी दुसरं झापड काढलं, तिसरं काढलं. सगळीकडे केस.

हा माणूस कुठेही गेलेला नव्हता. मिनेसोटा नाही, तळं नाही, मासळी नाही.

"आता कळलं ना," मर्ल मागून म्हणाला. त्याच्या हातात कचऱ्याची रिकामी बादली होती.

भांडायला म्हणून जे जे ठरवून आले होते त्यातलं अर्धं घशातच राहिलं. अर्धं मात्र बाहेर आलं. "माझं नातवंड येतंय, मर्ल! ठाऊक होतं तुला! आणि माझ्या चांगल्या टायरांना तू म्हातारं ठरवलंस? तू?"

"हो."

"आणि आधीचे सगळे? बड आणि ते सगळे?"

"त्यांचे खरंच खराब होते." त्याने बादली पालथी घातली आणि तिच्यावर बसला. "शप्पथ. आजवर खोटं नाही सांगितलं. दर वर्षी कोणाचे ना कोणाचे निघायचेच. यंदा सगळ्यांनी माझं ऐकलेलं. सगळ्यांचे नवे. सबंध तळ दोनदा फिरलो मी, लॉर्ना. एकही खराब सापडला नाही."

मला हसू यावं की रडू, कळेना. मी त्याच्या पायरीवर बसले.

"मग उन्हाळाभर असतोस कुठे?"

"गावाबाहेर ट्रेलर ठेवायचं आवार आहे ना, पत्र्याच्या कुंपणाचं, तिथे. वीज आहे. पडदे लावून घ्यायचे, पंखा, गार हवेचं यंत्र. दुपारी वाचनालय उघडं असतं, तिथे बसतो. किराणा दुकान मोठं आहे, त्यात फिरून होतं. ऑगस्टमध्ये कधीकधी आपलाच आवाज ऐकायला म्हणून रेडिओशी बोलतो. त्यात काही वाईट नाही."

"आर्लिस खरी आहे की तीही मासळीच?"

"खरी आहे." तो जरा दुखावला. "सुरुवातीला जायचो मी. तळं आहे, रासबेरी आहे. मग एका साली हे टायर घातले, खास तिकडे जायला म्हणून. निघायच्या आधी फोन केला. ती म्हणाली, यंदा घर भरलंय रे, मुलं आलीयेत, नंतर ये. मी म्हटलं बरं. नंतर म्हणजे कधी ते ती बोलली नाही, मी विचारलं नाही. मनात म्हटलं, बोलावेल. नाताळला तिचं कार्ड यायचं, मीही पाठवायचो. अलीकडे दोन-तीन नाताळ तिचं आलेलं नाही, मग मीही सोडलं. वय झालं, कंटाळा करत असेल."

"आणि तू नुसता वाट बघत बसलास? इतकी वर्षं?"

"तिने ये म्हटलं नाही ना."

अशा माणसाला काय म्हणणार? मी म्हटलं, "मी उद्या निघते."

"नीघ," तो म्हणाला. "पहाटे हवा बघून देतो. माझं चुकलं, लॉर्ना. तू जा. बाळ वाट बघत नसतं."

मी माघारी आले आणि कर्टिसला फोन लावला. म्हटलं खूशखबर द्यावी, आई उद्याच निघतेय.

"अगं आई, घाई कशाला करतेस?" कर्टिस म्हणाला.

"घाई काय? बाळ येईल ना आता."

"ते येईल गं. पण शॉनाची आई आलीये. म्हणजे, परवाच आली. तिनेच सगळं हातात घेतलंय, स्वयंपाक, पोराची शाळा, सगळं. शॉनालाही आपल्या आईजवळ बरं वाटतं, तुला माहितीये. आणि तिची गाडी अंगणात लावलीये, तेव्हा तुझ्या ट्रेलरला..." तो थांबला. "तू नंतर ये ना. जूनमध्ये, नाहीतर त्यानंतर. सगळं जरा स्थिरस्थावर झालं की. मी सांगतो तुला."

"बरं," मी म्हणाले.

बरं. हाच शब्द माझ्या तोंडून आला. फोन ठेवल्यावर कळलं की नंतर म्हणजे कधी, हे मीही विचारलं नव्हतं.

कर्टिस वाईट मुलगा नाही. लहानपणी बसमध्ये माझ्या मागच्याच सीटवर बसायचा आणि पोरं माझी नक्कल करायला लागली की त्यांना ठोसे मारायचा. त्याच्या बोलण्यात एकही शब्द वावगा नव्हता. म्हणून तर रागवायला जागा नव्हती, आणि राग नसला की माझ्याजवळ काहीच उरत नाही. मी खुर्ची बाहेर काढून बसले. सगळा तळ मोकळा पडला होता, जिथे जिथे ट्रेलर होते तिथे तेलाचे डाग आणि चाकांखालच्या फळ्यांच्या खुणा. समोर मर्लही आपल्या खुर्चीत बसला होता. त्याला वाटलं मी अजून चिडलेली आहे, म्हणून तो आला नाही. मला वाटत होतं, त्याने यावं.

पहाटे ठोके ऐकू आले. मी कपडे करून बाहेर आले तेव्हा चौथं चाक संपवून तो उभा राहत होता. "चारही सारखे आहेत," तो म्हणाला. "पोचशील."

"मर्ल, तू सांगितलं होतंस ना, नवे मागवायला हवेत. मला वाटतं तुझं बरोबर आहे. थांबते मी आठवडाभर."

त्याने पहिल्यांदाच टायर सोडून माझ्या तोंडाकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. "काय म्हणाला मुलगा?"

"नंतर ये म्हणाला. मी सांगतो म्हणाला."

मर्लने हातोडी या हातातून त्या हातात केली. मला वाटलं, आता हा म्हणेल की थांब, बरं झालं, चहा ठेवतो. त्याला हवं होतं ते आयतं दारात चालून आलं होतं. माझा हट्ट तरी काय, मलाही तेच हवं होतं. दोघं पडदे लावून बसलो असतो, एकमेकांच्या मासळ्या ऐकल्या असत्या, ऑक्टोबरात बड आला असता.

"नीघ," तो म्हणाला. "आत्ता, ऊन यायच्या आत."

"अरे, पण त्यांनी..."

"ऐकलं मी काय म्हणाले ते. आर्लिसनेही मला तेच सांगितलं होतं. लॉर्ना, नको म्हणाले असते तर गोष्ट वेगळी. नको नाही म्हणाले. तू जा. अंगणात जागा नसेल तर गावाबाहेर लाव कुठेतरी. बाळ बघ. हाकललं तर हाकललं." एवढं सलग तो टायर सोडून कशाबद्दलही बोललेला मी ऐकलं नव्हतं. त्याचे कान लाल झाले होते. "पण त्याच्या फोनची वाट बघू नकोस. माझे टायर बघितलेस ना काल?"

मी पिकअपमध्ये बसले. काच खाली केली. "एका अटीवर. तू नवे टायर मागवायचे."

"मला कुठे जायचंय?"

"ते मागाहून. आधी मागव."

"बघतो," तो म्हणाला, आणि तवा आणायला गेला. आरशात तो बराच वेळ दिसत होता, हात वर-खाली होताना. आवाज लवकरच ऐकू येईनासा झाला.

मी गेले. कर्टिसच्या गावाबाहेर नदीकाठी ट्रेलर लावायचं मैदान आहे, तिथे जागा घेतली आणि न सांगता दारात उभी राहिले. कर्टिसचा चेहरा आधी पडला, मग त्याने मला अशी मिठी मारली की माझा चष्मा वाकडा झाला. सगळं गोडगोड झालं असं नाही. शॉनाची आई सज्जन बाई आहे, स्वयंपाकघरात मला हात लावू देत नाही. बाळ आलं, मुलगी, तिला नाव शॉनाच्या आईचं ठेवलं. मला ती संध्याकाळी घटकाभर मिळते. पण मिळते. छातीवर घेतलं की तिचं एवढुसं नाक माझ्या गळ्याला लागतं, आणि मी कर्टिसने बोलवायची वाट बघत वाळवंटात बसले असते तर हे मला मिळालं नसतं, हे मी रोज स्वतःला सांगते. नदीवर परत आले की मात्र एकटीच असते. बोलायला कोणी नसलं की मर्लची आठवण यायची. त्याच्याकडे फोन होता, पण तो उचलायचा नाही. शेवटी मी रूबेनला लावला.

"मागवले की त्यांनी," रूबेन म्हणाला. "तुम्ही गेलात त्याच दिवशी. कधीच बसवून दिले."

"मग गेला का?"

"नाही, बाई. ट्रेलर त्या पत्र्याच्या आवारातच आहे. काल गेलो होतो तिकडून. पडदे लावलेले होते."

मी त्याला म्हटलं, तसाच जा, दार वाजव आणि तुझा फोन त्याच्या हातात दे. रूबेन गेला, देव त्याचं भलं करो. मग दार उघडल्याचा आवाज आणि मर्लचं खाकरणं.

"नवे टायर घालून बसलायस कशाला?" मी सुरुवातच तशी केली.

"आर्लिसला फोन केला," मर्ल म्हणाला. "तुझं बघून. म्हटलं बोलावण्याची वाट बघायची नाही, सांगायचं की येतोय. तिच्या मुलीने उचलला." मागे गार हवेचं यंत्र घरघरत होतं. "आर्लिस गेली. दोन वर्षं झाली. माझा नंबर, पत्ता कोणाला सापडला नाही म्हणाली. शेवटी शेवटी माझं नाव घ्यायची म्हणाली, मर्ल कुठे असतो, मर्ल येत का नाही."

मी माझ्या पायरीवर बसले.

"आता या टायरांचं काय करू मी, लॉर्ना?" त्याने विचारलं. खरंच विचारत होता.

"इकडे ये," मी म्हणाले. "माझ्या शेजारची जागा रिकामी आहे. मी बोलावतेय तुला, ऐकलंस? आज बोलावतेय. नंतर नाही. पहाटे नीघ."

त्याने मागचं यंत्र बंद केल्याचं ऐकू आलं. मग म्हणाला, हवा बघावी लागेल.

आज दुपारी त्याचा फोन आला, नेवाडातल्या ईली गावातून. मी म्हटलं, टायर कसे आहेत? म्हणाला, उतरून चारही टायर हाताने चाचपले, कोमट आहेत, ठीक आहेत. मी म्हटलं, आणि तू? तेव्हा म्हणाला की मध्ये एका ठिकाणी गाडी बाजूला घ्यावी लागली. मला वाटलं काही बिघडलं. तो म्हणाला, नाही, बिघडलं काही नाही. आर्लिससाठी रडलो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कोणी नव्हतं, म्हणून मोठ्याने रडलो. मग तोंड धुतलं आणि पुढे निघालो.